दिवसा लावलेला दिवा

७ जानेवारी

करारावर सही केली. आता माघार घेता येणार नाही. तेवढ्यासाठीच घाईनं केली, कारण माघार घेण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

'दीपगृहातली सुट्टी'वर घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा चित्रपट निघणार आणि त्याची पटकथा मी लिहिणार. अकरा वर्षं मी मालिका लिहिल्या. त्यातल्या एका सासूला मी तीनदा मारलं आणि चारदा जिवंत केलं. अशा बाईच्या हातात हे पुस्तक द्यावं का, असा प्रश्न मी बैठकीत स्वतःहून काढणार होते. तेवढ्यात चहा आला.

करारात एक कलम आहे. पुस्तकात नसलेला एकही प्रसंग घालायचा नाही. कलम लेखकांच्या मुलीचं. त्या पंच्याहत्तरीच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मागे सगळे त्यांना वारसबाई म्हणतात, समोर काहीच म्हणत नाहीत. याआधी दोन निर्मात्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं आहे. आमच्या निर्मात्यांनी, म्हणजे साहेबांनी, कलम वाचून कपाळाला हात लावला. मी मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, "हे कलम नसतं तर मीच मागितलं असतं." असं मी का बोलते? कोणी विचारलेलं नसतं.

घरी आले तर भर दुपारी बाल्कनीतला दिवा चालू. बाबांना म्हटलं, "बाबा, ऊन पडलंय बाहेर." "राहिला असेल," म्हणाले आणि शब्दकोड्यात डोकं घातलं. सिनेमाचं सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. 'सूर्य, तीन अक्षरी' यात त्यांना जास्त रस होता.

१५ जानेवारी

पहिली मोठी बैठक. दिग्दर्शक एकोणतीस वर्षांचा आहे, कायम टोपी घालतो म्हणून त्याला टोपीच म्हणतात. त्यानं पुस्तक वाचलेलं नाही. वाचणार तरी कुठून? एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर दीपगृह कारखान्याच्या धुराड्यासारखं आलं, तेव्हापासून वारसबाईंनी पुस्तक पुन्हा छापूच दिलेलं नाही. बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातला तो धुक्याचा धडा तेवढा माहीत असतो.

माझ्याकडे आमच्या घरची प्रत आहे. बाबांनी छापखान्यात जन्मभर पुस्तकं बांधली, हीसुद्धा त्यांनीच बांधलेली. शेवटचं पान तेवढं नाही. माझं त्यावाचून अडत नाही. तो शेवट मला तोंडपाठ आहे.

सगळ्यांना गोष्ट सांगितली. दोन भावंडं, थोरली आणि धाकटा, लांबलचक सुट्टीत बेटावरच्या मामाकडे राहायला जातात. मामा दीपगृहाचा रखवालदार. दिवा लावायचा सूर्य मावळल्यावर आणि विझवायचा उगवल्यावर, हा त्याचा नियम. वादळातही तो मोडलेला नाही. आई मागाहून येणार असते. मुलं रोज धक्क्यावर जाऊन बोट बघतात. आई येत नाही. सुट्टी संपते, मुलं परतीच्या बोटीत बसतात. आणि बोट निघते तेव्हा मामा जिना चढून वर जातो आणि भर दुपारी दिवा लावतो. धाकटा विचारतो, "दिवसा दिवा कशाला? दिसत पण नाही." थोरली म्हणते, "दिसायला नाही रे. लावलाय, एवढं आपल्याला कळायला."

इथं माझा आवाज दरवेळी बसतो. आजही बसला. टोपीनं टोपी काढून डोळे पुसले. टक्कल नाहीये, उगाच आमचा समज होता.

साहेब मात्र म्हणाले, "पण बाई, आई येते ना शेवटी? मला लहानपणचं आठवतंय. पिवळी छत्री घेऊन उतरते."

या माणसानं आजवर दोन भुताचे सिनेमे काढलेत. मी शक्य तितक्या मऊपणानं सांगितलं की त्यांची कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीशी गल्लत होतेय. आपल्याला गोड शेवट हवा असतो म्हणून स्मरणशक्ती तो जोडून देते, आणि या पुस्तकाचं मोठेपण आई न येण्यातच आहे. बोलणं जरा लांबलं. साहेब म्हणाले, "असेल बाई. तुम्ही शिकलेल्या."

येताना रिक्षात स्वतःवर खूश होते. घराच्या वळणावर आपण जरा जास्तच बोललो का असं वाटलं. मग वाटलं, नाही, हे तत्त्वाचं होतं.

३ फेब्रुवारी

टोपी रोज एकच विचारतो. "ताई, आई का येत नाही? आजारी आहे? भांडण झालंय?"

"येत नाही. पुस्तकात कारण दिलेलं नाही."

"प्रेक्षक विचारतील."

"आम्ही नव्हतं विचारलं."

संध्याकाळी लेकीनंही तेच काढलं. ती चौदा वर्षांची आहे आणि मी लिहिलेलं सगळं तिला आधीच बाळबोध वाटतं. "लहानपणी तुला प्रश्न नाही पडला, आई का येत नाही?"

म्हटलं, "त्यात पडायचं काय? आमची तरी कुठे येणार होती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं चष्म्याला काही लागलंय. (माझी आई त्या वर्षी, सुट्टी लागायच्या आधी वारली. मी सात वर्षांची होते, भाऊ तीन. त्या सुट्टीत बाबांनी हे पुस्तक आम्हाला वाचून दाखवलं, आणि पुढच्या प्रत्येक सुट्टीत.) तिला म्हटलं, अभ्यासाला बस.

२० फेब्रुवारी

पटकथा वारसबाईंकडे गेली. पोस्टरही तयार झालं. निळं आकाश, पांढरं दीपगृह आणि उन्हात एक फिकट पिवळा ठिपका. साहेबांनी भिंतीला लावून लांबून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, अंगावर काटा आला. भुतांच्या सिनेमाला नव्हता आला." मला त्यांच्याबद्दल नव्यानं आदर वाटला. मला पटणाऱ्या लोकांबद्दल मला फार पटकन आदर वाटतो, हे लक्षात ठेवायला हवं.

पोस्टरचं चित्र बाबांना दाखवलं. बराच वेळ बघत होते. "चांगलं छापलंय," एवढंच म्हणाले. मला जरा राग आला. बाप म्हणून एखादं वाक्य जास्त बोलायला काय हरकत आहे?

२८ फेब्रुवारी

वारसबाईंचा फोन.

"पटकथा वाचली. शेवटच्या पाच पानांपर्यंत तुम्ही प्रामाणिक आहात."

मी आभार मानले. मग वाक्य डोक्यात शिरलं.

"त्यानंतर काय झालं?" त्यांनी विचारलं. "आई कुठे गेली? आणि हा दिवा कुठून आला?"

पुढे जे घडलं ते लिहिताना कान तापतायत, पण लिहायलाच हवं. मी लेखकाच्या मुलीला तिच्या वडिलांच्या पुस्तकात काय आहे ते समजावून सांगितलं. "वाचून बरीच वर्षं झाली असतील ना तुम्हाला," असंसुद्धा म्हणाले. साहेबांना दिलेलं स्मरणशक्तीवरचं व्याख्यान पुन्हा दिलं, या वेळी जरा आटोपशीर.

मग त्या म्हणाल्या, "ती छत्री माझी होती."

"कुठली छत्री?"

"पिवळी. उद्या या."

१ मार्च

निघताना खालून वर पाहिलं तर बाल्कनीतला दिवा चालू. आज खरं तर एक मिनिट नव्हतं, तरी परत वर जाऊन बंद केला. बाबा दारातच उभे होते. "बाबा, निदान आज तरी," म्हटलं.

वारसबाईंचं घर गणितासारखंच. एकही वस्तू जास्तीची नाही. त्यांनी बसा म्हणायच्या आधी पुस्तक हातात दिलं, शेवटचं पान उघडून. मी उभ्यानंच वाचलं. आई येते. सुट्टीच्या अगदी शेवटच्या दिवशी पिवळी छत्री घेऊन बोटीतून उतरते आणि मुलांना न्यायला येते. म्हणते, "उशीर झाला का रे मला?" धाकटा म्हणतो, "नाही." मग तिघं बोटीत बसतात, मामा धक्क्यावरून हात हलवतो आणि पुस्तक संपतं. दिवा नाही. पुन्हा वाचलं, नाहीच. पान उलटून मागेसुद्धा पाहिलं. मागे छापखान्याचा पत्ता होता.

मूळ पुस्तकाशी इमान राखण्यासाठी मी दोन महिने भांडले, ते पुस्तकात नसलेल्या पानासाठी. असा पराक्रम माझ्या मालिकेतल्या सासूलाही जमला नसता, चारदा जिवंत होऊनही.

"तुम्हाला हे कोणी वाचून दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी."

"आणि आई?"

"त्याच वर्षी वारली होती. त्या सुट्टीच्या आधी."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि उठून मला पाणी आणून दिलं. मी पाणी पिऊन लगेच मुद्द्यावर आले. दिवा स्वप्नात दाखवता येईल, नावं पडद्यावर येताना दाखवता येईल, असे दोन पर्याय मांडले. त्या ऐकत होत्या, पण माझ्या बोलण्याकडे त्यांचं लक्ष नसावं. शेवटी म्हणाल्या, "दहा तारखेपर्यंत माझ्या वडिलांचा शेवट लिहून द्या. त्यांचा दिलात तर सिनेमा होईल, नाहीतर नाही."

२ मार्च

कचेरीत सांगितलं. साहेब आता टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होते. ते फक्त म्हणाले, "पिवळीच होती ना?" आणि स्वतः उठून माझ्यासाठी चहा सांगितला. टोमणा परवडला असता.

टोपीनं टोपी नाकापर्यंत ओढली. "ताई, दिवा गेला तर मी काय करू? मी सगळा सिनेमा त्या दिव्याकडे नेलाय."

"मीसुद्धा," म्हटलं.

घरी येऊन बाबांना सरळ विचारलं, "बाबा, तो दिवा तुम्ही घातलात का गोष्टीत?"

त्यांनी पेन्सिल ठेवली. "शेवटचं पान नव्हतं."

"कुठे गेलं?"

"जुनं पुस्तक. गळालं असेल."

म्हणजे साधी गोष्ट होती. पान नव्हतं, मुलं 'पुढे काय' म्हणून मागे लागली, त्यांनी काहीतरी ठोकून दिलं. आणि त्या ठोकून दिलेल्यापायी मी लेखिका झाले. हसायलाच येत होतं.

मग प्रत पुन्हा हातात घेतली. जन्मभर लोकांची सुटी पानं शिवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात नेमकं एकच पान गळावं, हीसुद्धा गंमतच. शिवणीपाशी बोट फिरवलं. पान जिथं असायला हवं तिथं कागदाची बारीक पट्टी उरली आहे, अगदी सरळ, फूटपट्टी धरून कापावी तशी. गळणारी पानं इतकी नीटनेटकी गळत नाहीत.

यावर आज विचार करायचा नाही असं ठरवलं आहे. दहा तारीख जवळ आली आहे.

५ मार्च

आई उतरत नाही.

पहिल्या खर्ड्यात ती उतरताच भाषण करते. दुसऱ्यात घसरून पडते. तिसऱ्यात ती उतरते आणि नुसती उभी राहते, मग मीही टेबलापाशी नुसती बसून राहते. चौथ्यात बोट धक्क्याला लागतच नाही. आजवर शेकडो आया मी हुंदके देत दारातून आत आणल्या. एका बाईला छत्री घेऊन बोटीतून उतरवता येईना. वाक्यसुद्धा तयार आहे, लेखकांनीच दिलंय. "उशीर झाला का रे मला?" फक्त उतरवून घ्यायचं. हात पुढे सरकत नाही.

भावाला फोन केला. तो दूरच्या शहरात असतो आणि मी फोन केला की आधी "बाबा बरे आहेत ना?" विचारतो. बरे आहेत म्हटल्यावर म्हणाला, "मग काय झालं ताई?"

"आई बोटीतून उतरल्यावर कशी बोलेल?"

"कुणाची आई?"

"गोष्टीतली रे."

"मला काय विचारतेस? मला तर आपल्या आईचा आवाजही आठवत नाही. तुला आठवतो?"

"हो," म्हटलं. खोटं बोलले. का, ते कळलं नाही. त्याला बरं वाटावं म्हणून असेल.

मग तो म्हणाला, "बाबा अजून दिवसा दिवा लावतात का गं? शाळेत निघालो की लावायचे, आठवतं? कोपऱ्यावरून वळून बघायचो मी."

"अजून विसरतात," म्हटलं. "वय झालं."

"ताई," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "बरं, ठेवतो."

७ मार्च

लेक म्हणाली, "आजोबांना वाचायला सांग ना ते पान. तुला ऐकल्याशिवाय काही कळतच नाही."

"त्यांना चष्म्यानंही नीट दिसत नाही."

"आई, ते रोज शब्दकोडं सोडवतात."

हे खरं होतं. वारसबाईंना फोन करून पुस्तक एका दिवसासाठी मागितलं. "पुस्तक घराबाहेर जात नाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "माझ्याबरोबर जाऊ शकतं."

बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी "किती वाजता?" एवढंच विचारलं. लगेच उठून दाढी केली, आणि त्या परवा येणार होत्या.

९ मार्च

वारसबाई दिलेल्या वेळेच्या आधी दोन मिनिटं आल्या. बाबांनी आधी पुस्तक उघडलंच नाही. पुठ्ठ्यावरून हात फिरवला, पाठ दाबून पाहिली. "शिवण चांगली आहे," म्हणाले. "पाठीला जरा गोंद लागेल."

"तुम्ही बघणार असाल तर देईन," वारसबाई म्हणाल्या. त्या बाबांच्या शेजारी बसल्या, ओळीवर बोट ठेवून. शिक्षिकेची सवय. मी समोर, लेक जमिनीवर.

बाबा शेवटचं प्रकरण वाचायला लागले. थोरलीचा आवाज वेगळा, धाकट्याचा वेगळा, मामाचा खालच्या पट्टीतला. मी विसरलेच होते की ते आवाज काढतात. एरवी घरात चार शब्दांवर न जाणारा माणूस.

धक्क्यावर मुलं उभी असतात तिथवर आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वारसबाईंचं बोट पुढच्या ओळीवर थांबून राहिलं. कोणी घाई केली नाही.

"आणि बोटीतून," बाबांनी वाचलं, "आई उतरली."

मग त्यांनी आईचा आवाज काढला. बारीक नाही, बायकी नाही. जरा घाईतला, धाप लागलेला, हसू दाबलेला. "उशीर झाला का रे मला?"

मला तो आवाज ओळखीचा होता. एवढंच लिहिते.

तिघं बोटीत बसली. मामानं हात हलवला. पुस्तक संपलं. बाबांची नजर पानावरच होती आणि ते तसेच पुढे वाचत राहिले. "मग मामा जिना चढून वर गेला. इतक्या वर्षांत मोडला नव्हता तो नियम त्यानं मोडला. भर दुपारी दिवा लावला. धाकटा म्हणाला, दिवसा दिवा कशाला? दिसत पण नाही. आई म्हणाली, दिसायला नाही रे. लावलाय, एवढं आपल्याला कळायला."

थोरलीचं वाक्य त्यांनी आईला दिलं होतं.

मी वारसबाईंकडे पाहिलं. त्यांचं बोट पानाच्या अगदी तळाशी होतं, जिथं काहीच छापलेलं नाही. बाबांनी पुस्तक मिटून त्यांना दिलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं, शेवटचं पान पाहिलं, मागची बाजू पाहिली. मी कलम आठवत होते.

"माझ्या प्रतीतलं एक पान गळालेलं दिसतंय," वारसबाई म्हणाल्या. "गणिताची बाई मी. पानं मोजायला हवी होती."

बाबा म्हणाले, "ठेवून जा. बांधून देतो."

त्या ठेवून गेल्या.

१० मार्च

आई उतरली. एका बैठकीत, एका खर्ड्यात. टोपीला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, दिवा आहे." साहेबांचं आलं, "छत्री आहे." प्रत्येकानं आपापलं तपासून घेतलं.

लेकीनं वाचलं आणि म्हणाली, "हे बाळबोध नाहीये." मी आज तारखेखाली रेघ मारून ठेवली आहे.

२ एप्रिल

चित्रीकरणासाठी निघाले. पंधरा दिवस बेटावर. मी गेले नाही तरी चालणार आहे, लेखकाला तिथं खुर्चीसुद्धा देत नाहीत. पण जाते आहे.

बाबांनी टॅक्सीत बसेपर्यंत दोनच सूचना दिल्या, पाणी उकळून पी आणि बोटीत मधे बस. मग वर गेले. मी सीटबेल्ट ओढूनताणून लावत होते, तेवढ्यात वर लक्ष गेलं. रणरणतं ऊन, आणि बाल्कनीत तो दिवा. उन्हात जवळजवळ दिसत नव्हता. जाळीमागे बाबांचा पांढरा सदरा.

हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला. वर जाऊन बंद करून यायला दोन मिनिटं लागली असती.

टॅक्सीवाल्यानं विचारलं, "काही राहिलं का मॅडम?"

"नाही," म्हटलं. "कोपऱ्यावर जरा हळू घ्या. मला वळून बघायचंय."